परक्याला आपलेसे करणाऱ्या शरीराचा शोध : सर पीटर मेडावर

भंडारा, प्रतिनिधी

पावसाळा स्थिरावला की वैनगंगेच्या खोऱ्यात रोवणीची लगबग सुरू होते. एका बांधीत वाढवलेले पऱ्हे उपटायचे आणि दुसऱ्या बांधीच्या चिखलात रोवायचे, हे काम भंडारा जिल्ह्यातील प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या अंगवळणी पडलेले आहे. रोप काही दिवस मान टाकते, पण नवी माती ते स्वीकारते आणि मातीही त्याला स्वीकारते. माणसाच्या शरीराचे मात्र तसे नाही. एका माणसाच्या शरीरातून काढलेले मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात कितीही कौशल्याने बसवले, तरी ते परके असल्याचे शरीराला उमगते आणि ते नाकारण्याची लढाई सुरू होते.

ही लढाई थोपवण्यासाठी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. साकोली असो, पवनी असो वा तुमसर, जिल्ह्यातील अशा रुग्णाची वाट अखेर नागपूरकडे वळते. शस्त्रक्रिया एकदाच होते, गोळ्या मात्र रोजच्या. त्या प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतात. त्यामुळे नवे मूत्रपिंड टिकते, पण साध्या जंतुसंसर्गापासूनही जपावे लागते. गोळ्या थांबवल्या तर मूत्रपिंड गमावण्याचा धोका आणि घेत राहिल्या तर संसर्गाचा, अशा कात्रीत हे आयुष्य जाते.

या कात्रीतून सुटण्याचा मार्ग तत्त्वतः अस्तित्वात आहे, हे ज्यांनी पहिल्यांदा प्रयोगाने सिद्ध केले, ते शास्त्रज्ञ म्हणजे सर पीटर ब्रायन मेडावर. दात्याच्याच पेशी योग्य वेळी शरीरात सोडल्या तर शरीर त्या दात्याचे अवयव पुढे आपलेच मानते, हे त्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. पेशींच्या साहाय्याने प्रत्यारोपित अवयवाविषयी सहनशीलता निर्माण करण्याचे जे प्रयत्न आज जगभर चालू आहेत, त्यांचे मूळ या प्रयोगात आहे. मेडावर यांचे निधन २ ऑक्टोबर १९८७ रोजी झाले. आपण गांधी जयंती साजरी करतो त्या दिवशी या शास्त्रज्ञाची पुण्यतिथी असते, याची फारशी कुणाला कल्पना नसते.

अनेक देशांचा वारसा

मेडावर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझीलमध्ये झाला. वडील निकोलस हे मूळचे लेबनॉनचे. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेले हे गृहस्थ दंतवैद्यकाची साधने विकण्याचा व्यवसाय करीत. आई एडिथ इंग्रज. बालपणीच पीटर इंग्लंडला आले आणि तिथेच वाढले. तरुणपणी ब्राझीलमधील सक्तीच्या लष्करी सेवेचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्या देशाचे नागरिकत्व त्यांनी सोडले. जन्म एका देशातला, वंश दुसऱ्या देशातला आणि घडण तिसऱ्या देशातली, असे हे आयुष्य होते. आपले कोण आणि परके कोण, हा प्रश्न पुढे त्यांच्या विज्ञानाचा विषय झाला. व्यक्तिगत आयुष्यात तो त्यांना त्याआधीच भेटला होता.

मार्लबरो कॉलेज या निवासी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथील कडक आणि उद्दाम वातावरण त्यांना कधीच रुचले नाही, मात्र जीवशास्त्राची गोडी त्यांना तिथेच लागली. १९३२ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात दाखल झाले. प्राणिशास्त्राचे अध्यापक जॉन यंग यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि १९३५ मध्ये त्यांनी प्रथम श्रेणीत पदवी मिळवली. पुढे हॉवर्ड फ्लोरी यांच्या विकृतिशास्त्र विभागात त्यांनी संशोधन सुरू केले. पेनिसिलिनला औषधाचे रूप देणारे शास्त्रज्ञ म्हणून फ्लोरी नंतर जगप्रसिद्ध झाले. डॉक्टरेट मंजूर होऊनही मेडावर यांनी ती पदवी प्रत्यक्षात घेतली नाही. पदव्यांपेक्षा प्रश्नांची ओढ त्यांना अधिक होती.

ऑक्सफर्डमध्येच जीन टेलर या सहाध्यायिनीशी त्यांची ओळख झाली आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. लेबनीज रक्ताचा आणि गाठीशी पैसा नसलेला हा तरुण जीन यांच्या काही नातेवाइकांना पसंत नव्हता. जीन यांनी मात्र निवड बदलली नाही. या दांपत्याला दोन मुली आणि दोन मुलगे झाले. पुढे जीन मेडावर यांनी कुटुंबनियोजनाच्या क्षेत्रात स्वतःचे मोलाचे कार्य उभे केले. पतीच्या अखेरच्या पर्वात त्यांच्या लेखनाला त्यांचीच सर्वांत मोठी साथ मिळाली.

जळालेला वैमानिक

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा मेडावर ऑक्सफर्डला पेशींच्या वाढीचा अभ्यास करीत होते. १९४० मधील एका रविवारी दुपारी ते पत्नी आणि मुलीसह बागेत बसले असताना एक बॉम्बफेकी विमान खूप खालून आले आणि जवळच कोसळून पेटले. त्यातील एक तरुण वैमानिक वाचला, पण त्याच्या शरीराचा मोठा भाग भाजून निघाला होता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मेडावर यांना बोलावून घेतले आणि या तरुणासाठी काही करता येईल का, असे विचारले.

वैद्यकापुढील अडचण स्पष्ट होती. थोडे भाजले असेल तर रुग्णाच्या मांडीची वा पाठीची त्वचा काढून जखमेवर लावता येते. पण अर्धेअधिक शरीर जळाले असेल तर लावायला स्वतःची त्वचा उरतच नाही. दुसऱ्या माणसाची त्वचा लावली तर ती सुरुवातीला छान रुजल्यासारखी दिसते आणि काही दिवसांत गळून पडते. असे का होते, याचे उत्तर कुणापाशी नव्हते. शस्त्रक्रियेचे तंत्र सुधारले की हे साधेल, असे अनेक शल्यविशारदांना वाटत होते.

त्वचारोपणाच्या या प्रश्नाचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जुळलेला आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले होते. पुण्याकडील एका कारागिराने त्याच्याच कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. हा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये सचित्र छापून आला आणि युरोपातील डॉक्टर चकित झाले. सुश्रुताच्या परंपरेतून आलेली ही विद्या यशस्वी होत असे, कारण त्वचा त्याच माणसाची असे. दुसऱ्याच्या त्वचेचा प्रश्न मात्र त्यानंतर दीडशे वर्षे तसाच अनुत्तरित राहिला होता.

ग्लासगोतील निरीक्षण

युद्धकाळात ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मेडावर यांना ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीतील जळित विभागात धाडले. तेथे थॉमस गिब्सन या शल्यविशारदाबरोबर त्यांनी काम केले. घरातील गॅसच्या शेगडीवर पडून गंभीर भाजलेली एक तरुणी तिथे उपचार घेत होती. तिच्या जखमांवर तिच्या स्वतःच्या त्वचेचे आणि तिच्या भावाच्या त्वचेचे लहान लहान तुकडे लावण्यात आले. काही दिवसांनी तिची स्वतःची त्वचा रुजली, भावाची गळाली. इथवर नवे काही नव्हते.

त्यानंतर भावाच्या त्वचेचे तुकडे दुसऱ्यांदा लावण्यात आले आणि निर्णायक गोष्ट दिसली. दुसऱ्या वेळी ते पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर नष्ट झाले. शरीराने त्या त्वचेची ओळख लक्षात ठेवली होती. एकदा गोवर येऊन गेलेल्या मुलाचे शरीर जसे पुन्हा आलेल्या गोवराला चटकन ओळखते, तसाच हा प्रकार होता. याचा अर्थ दोष टाक्यांत वा शल्यविशारदाच्या हातात नव्हता. ज्या यंत्रणेने आपण देवीच्या वा गोवराच्या जंतूंपासून वाचतो, तीच यंत्रणा भावाच्या त्वचेलाही शत्रू मानत होती. १९४३ मध्ये गिब्सन आणि मेडावर यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

ऑक्सफर्डला परतल्यावर मेडावर यांनी २५ सशांमध्ये एकमेकांच्या त्वचेचे रोपण करून तब्बल ६२५ शस्त्रक्रिया केल्या. प्रत्येक कलमाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले. एका रुग्णावर जे दिसले होते ते आता नियम म्हणून सिद्ध झाले. शास्त्रज्ञ म्हणून त्यांची ख्याती झाली. १९४७ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४९ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले.

पण हे यश एका अर्थाने निराशाजनक होते. परकी त्वचा का टिकत नाही, हे कळले होते. ती टिकवावी कशी, हे कळले नव्हते. उलट, हा शरीराचा मूलभूत स्वभावच आहे हे सिद्ध झाल्याने प्रत्यारोपणाची दारे कायमची बंद झाल्यासारखी वाटत होती.

गाईंच्या जुळ्यांनी दिलेला धक्का

पुढचे दार अनपेक्षितपणे गोठ्यातून उघडले. १९४८ मध्ये स्टॉकहोम येथील आनुवंशशास्त्राच्या परिषदेत ह्यू डोनाल्ड या पशुशास्त्रज्ञाशी मेडावर यांची गाठ पडली. गाईच्या जुळ्या वासरांपैकी एकाच बीजापासून झालेली जुळी कोणती आणि दोन वेगळ्या बीजांपासून झालेली कोणती, हे ओळखावे कसे, असा डोनाल्ड यांचा प्रश्न होता. मेडावर यांना तो अगदी सोपा वाटला. एका वासराची त्वचा दुसऱ्याला लावावी. ती टिकली तर एकबीज, गळाली तर द्विबीज, असा उपाय त्यांनी सुचवला आणि मदतीला येण्याचेही कबूल केले.

रूपर्ट बिलिंगहॅम हे त्यांचे तरुण सहकारी. दोघांनी मिळून शेतावर जाऊन वासरांवर त्वचारोपण केले. निकाल पाहून ते गोंधळून गेले. एक नर आणि एक मादी, म्हणजे निश्चितपणे वेगळ्या बीजांची असलेली जुळी वासरेसुद्धा एकमेकांची त्वचा आनंदाने स्वीकारत होती. नियम चुकला होता किंवा गाईंच्या बाबतीत काहीतरी वेगळे घडत होते.

उत्तर अमेरिकेतील रे ओवेन यांच्या संशोधनात होते. गाईच्या गर्भाशयात जुळ्यांच्या वारा एकमेकींना जोडल्या जातात आणि जन्मापूर्वी दोघांचे रक्त एकमेकांत मिसळते. जन्मानंतरही प्रत्येकाच्या शरीरात दुसऱ्याच्या रक्तपेशी आयुष्यभर नांदतात, हे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवले होते. त्यावरून ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९४९ मध्ये असा तर्क मांडला की, आपले काय आणि परके काय हे शरीर जन्मतः जाणत नाही, ते गर्भावस्थेत शिकते. त्या काळात जे भेटेल ते आपले. बर्नेट यांना हा तर्क प्रयोगाने सिद्ध करता आला नव्हता. तो सिद्ध करण्याची वाट मेडावर यांना दिसली. निसर्गाने वासरांमध्ये जे घडवले ते आपण हेतुपूर्वक घडवून पाहावे, असे त्यांनी ठरवले.

तपकिरी उंदरावर पांढरी त्वचा

१९५१ मध्ये मेडावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले. बिलिंगहॅम सोबत होतेच. लेस्ली ब्रेंट हा संशोधक विद्यार्थीही त्यांच्या चमूत होता. ब्रेंट जन्माने जर्मन ज्यू. नाझींच्या छळातून ज्यू मुलांना वाचवण्यासाठी इंग्लंडला निघालेल्या आगगाड्यांपैकी एकीतून ते १९३८ मध्ये, तेराव्या वर्षी, एकटेच आले होते. मागे राहिलेले त्यांचे आई-वडील मारले गेले. परके ठरवून संपवण्याचा अर्थ काय असतो, हे त्या प्रयोगशाळेत ब्रेंट यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसावे.

या तिघांनी उंदरांच्या दोन शुद्ध जाती निवडल्या. एक तपकिरी, दुसरी पांढरी. तपकिरी जातीच्या गाभण मादीच्या पोटातील गर्भांना अत्यंत बारीक सुईने पांढऱ्या जातीच्या उंदराच्या जिवंत पेशी टोचण्यात आल्या. पिल्ले जन्मली, वाढली आणि सुमारे आठ आठवड्यांची झाल्यावर त्यांना पांढऱ्या जातीच्या उंदराची त्वचा लावण्यात आली. एरवी दहा-बारा दिवसांत गळून पडणारी ती त्वचा काही पिल्लांच्या अंगावर टिकली. तिच्यावर पांढरे केस उगवले. तपकिरी अंगावरचा तो पांढरा ठिपका म्हणजे प्रत्यारोपणाच्या इतिहासातील एक नवे पान होते.

तिघांनी येथेच न थांबता आणखी दोन गोष्टी तपासल्या. पहिली अशी की, या उंदरांनी तिसऱ्या एखाद्या जातीची त्वचा नाकारली. म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती दुबळी झालेली नव्हती. ज्याच्या पेशी गर्भात भेटल्या होत्या, केवळ त्यालाच ते आपले मानत होते. आजच्या औषधांत आणि या सहनशीलतेत नेमका हाच फरक आहे. औषधे सगळी पहारेकरी मंडळी झोपवतात. सहनशीलतेत पहारा जागाच राहतो, फक्त एक पाहुणा ओळखीचा होतो. दुसरी गोष्ट अशी की, सामान्य तपकिरी उंदराच्या लसीका ग्रंथींतील पेशी या उंदरांना दिल्या की ती टिकलेली पांढरी त्वचाही गळून पडे. त्वचेचे परकेपण नाहीसे झालेले नव्हते. बदल उंदराच्या प्रतिकार करणाऱ्या पेशींत झाला होता.

हा शोधनिबंध ३ ऑक्टोबर १९५३ रोजी नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास प्राग येथे मिलान हाशेक यांनी कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांचे रक्तप्रवाह जोडून स्वतंत्रपणे असाच परिणाम मिळवला होता.

सन्मान आणि त्याची वाटणी

१९६० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बर्नेट आणि मेडावर यांना विभागून देण्यात आले. तर्क बर्नेट यांचा, सिद्धता मेडावर यांची. बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांची नावे त्यात नव्हती. मेडावर यांनी आपल्या वाट्याच्या रकमेतील हिस्सा या दोघांना दिला. श्रेयाची अशी वाटणी विज्ञानाच्या क्षेत्रात विरळाच.

१९६२ मध्ये लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे ते संचालक झाले. १९६५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. साडेसहा फुटांच्या जवळपास उंची, क्रिकेटचे वेड, ऑपेराची आवड आणि धारदार विनोदबुद्धी यांमुळे त्यांचे व्यक्तिमत्त्व सभेत उठून दिसे. प्रशासनाचा भार असतानाही ते आठवड्यातील काही दिवस स्वतःच्या हातांनी प्रयोग करण्यासाठी राखून ठेवत. विज्ञानावरील त्यांचे निबंधही गाजले. सुटू शकतील असे प्रश्न निवडणे ही शास्त्रज्ञाची खरी कला होय, हा त्यांचा विचार तेव्हापासून अनेकांच्या तोंडी बसला.

उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर

स्वतःच्या शोधाच्या मर्यादा मेडावर यांना पुरेपूर माहीत होत्या. ऑक्सफर्डमधील एका व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने, या संशोधनाचा रुग्णांना काही उपयोग होईल का, असे विचारले असता त्यांनी स्पष्ट नकार दिला होता. श्रोत्यांमध्ये रॉय काल्न हे तरुण डॉक्टर होते. त्यांना तो नकार पटला नाही. पुढे याच काल्न यांनी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा मार्ग धरला आणि १९७८ मध्ये केंब्रिज येथे मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये सायक्लोस्पोरिनचा पहिल्यांदा वापर केला. त्या औषधाने प्रत्यारोपणाचे चित्रच पालटले. मात्र ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी ते द्यायचे, त्यालाच दीर्घकाळात ते इजा करू शकते, हेही पुढे दिसून आले.

मेडावर यांची सावधगिरी अनाठायी नव्हती. माणसाच्या बाबतीत गर्भावस्थेत पेशी टोचणे शक्य नसते. कुणाला पुढे कोणाचे मूत्रपिंड लागेल, हे आधी कुणाला ठाऊक असणार? प्रौढ शरीर तर आपले-परके शिकून बसलेले असते. शिवाय आणखी एक संकट होते. दात्याच्या पेशी प्रबळ असतील तर त्या उलट रुग्णाच्याच शरीरावर हल्ला चढवतात. अशी पिल्ले खुरटतात आणि मरतात, हे बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनीच १९५७ मध्ये नोंदवले. पाहुण्याने यजमानालाच घराबाहेर काढावे, तसा हा प्रकार. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात डॉक्टरांना आजही सर्वाधिक धास्ती असते ती याचीच.

एक्सेटरची दुपार

सप्टेंबर १९६९ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष या नात्याने मेडावर एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये धर्मग्रंथातील उतारा वाचत होते. वाचता वाचता त्यांची वाणी अडखळली आणि ते कोसळले. मेंदूतील रक्तस्रावाने त्यांच्या शरीराची डावी बाजू लुळी पडली. डावीकडची दृष्टीही गेली. त्या वेळी ते केवळ ५४ वर्षांचे होते.

१९७१ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले, संशोधन मात्र सोडले नाही. हॅरो येथील वैद्यकीय संशोधन केंद्रात ते चाकांच्या खुर्चीतून वा काठीच्या आधाराने येत आणि सहकाऱ्यांच्या हातांनी प्रयोग करवून घेत. पुढील वर्षांत पुन्हा झटके आले. प्रत्येक वेळी ते पुन्हा कामाला लागले. तरुण संशोधकांना मार्गदर्शन करणारे त्यांचे पुस्तक १९७९ मध्ये, तर मिस्कील शीर्षकाचे आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८१ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटनचा अत्युच्च सन्मान त्यांना लाभला.

या काळातील एक प्रसंग त्यांच्या मोठेपणाबरोबरच त्यांची माणूस म्हणून असलेली दुर्बलताही दाखवतो. न्यूयॉर्कच्या एका नामांकित कर्करोग संस्थेतील विल्यम समरलिन या संशोधकाचा दावा होता की, काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा वा डोळ्याचे पारपटल दुसऱ्याच्या शरीरात सहज टिकते. मेडावर त्या संस्थेच्या सल्लागार मंडळावर होते. प्रयोग केल्याचे सांगून एक ससा त्यांच्यासमोर आणला गेला, तेव्हा त्याच्या डोळ्यावर असे काही रोपण झालेच नसावे, असा संशय त्यांना आला. पण ते गप्प राहिले. १९७४ मध्ये उघड झाले की समरलिन यांनी पांढऱ्या उंदरांवर काळ्या शाईने ठिपके रंगवून ते यशस्वी रोपण म्हणून दाखवले होते. त्यानंतर मेडावर यांनी आपले त्या वेळचे मौन भित्रेपणाचे होते, असे जाहीरपणे लिहून टाकले. ज्यांनी उंदराच्या अंगावर खरा ठिपका उगवून दाखवला होता, त्यांनाच खोट्या ठिपक्यांसमोर बोलण्याचे धैर्य झाले नाही. ही कबुली त्यांनी दिली नसती तर ती गोष्ट कदाचित कुणाला कळलीही नसती.

२ ऑक्टोबर १९८७ रोजी लंडनमध्ये त्यांची प्राणज्योत मालवली.

शोध पुढे चालू

मेडावर गेले तेव्हा माणसामध्ये हेतुपूर्वक घडवलेली सहनशीलता हे स्वप्नच होते. २००८ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी पाच रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांना मूत्रपिंडाबरोबरच त्याच दात्याची अस्थिमज्जाही देण्यात आली होती. त्यांपैकी चौघांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे पुढे थांबवता आली. दात्याच्या पेशी आधी ओळखीच्या करून द्यायच्या, हे सूत्र मेडावर यांचेच होते.

आपल्या देशातही या दिशेने काम झाले. अहमदाबाद येथील मूत्रपिंड विकार संस्थेचे संस्थापक डॉ. एच. एल. त्रिवेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात्याच्या मूळ पेशी मूत्रपिंडाच्या रुग्णांना देऊन औषधांची मात्रा कमी करण्याचे प्रयत्न अनेक वर्षे केले. औषधांचा खर्च झेपत नाही म्हणून मूत्रपिंड गमावणारे रुग्ण आपल्याकडे असतात. त्यामुळे हा विषय आपल्यासाठी निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. योगायोग असा की, डॉ. त्रिवेदी यांचे निधनही २ ऑक्टोबर रोजीच झाले, साल होते २०१९.

प्रौढ शरीरातही सहनशीलता राखणाऱ्या खास पेशी असतात, हे जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले. या नियामक टी पेशी इतर पेशींचा अतिरेक आवरतात. त्यांच्या शोधाबद्दल साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. अशा नियामक पेशी रुग्णाला देऊन पाहणाऱ्या अनेक देशांतील चाचण्यांचा एकत्रित अहवाल २०२० मध्ये आला. त्यात काही मूत्रपिंड रुग्णांची औषधे एकावर आणता आली आणि विषाणुसंसर्गही कमी आढळला. मात्र हे उपचार अजून मोजक्या केंद्रांतील चाचण्यांपुरते आहेत. म्हणून आज प्रत्यारोपण झालेल्या कुणीही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आपली गोळी एक दिवसही चुकवू नये, हे येथे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे.

भंडारा जिल्ह्याला या संशोधनाशी जोडणारा आणखी एक दुवा आहे, तो म्हणजे सिकलसेल. मध्य भारतातील या आनुवंशिक आजाराची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. पूर्व विदर्भातील कितीतरी घरांनी लहान मुलांच्या हाडांतील असह्य वेदना पाहिल्या आहेत. जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा मिळाली तर हा आजार बरा होऊ शकतो. पूर्वी त्यासाठी रुग्णाची स्वतःची मज्जा पूर्णपणे नष्ट करावी लागे. २००९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी सौम्य पद्धत वापरली आणि दहापैकी नऊ प्रौढ रुग्णांमध्ये दात्याच्या पेशी रुजल्या. रुग्णाच्या आणि दात्याच्या पेशी एकाच शरीरात सलोख्याने राहू शकतात आणि दात्याच्या पेशींचा वाटा पाचव्या हिश्श्याएवढा असला तरी आजार आटोक्यात येऊ शकतो, हे पुढील अभ्यासांतून दिसले. दोन जिवांच्या पेशी एका देहात नांदू शकतात, हे ओवेन यांच्या वासरांनी आणि मेडावर यांच्या उंदरांनी दाखवलेले सत्य होय.

एका विद्यार्थ्याला दिलेला नकार काळाने खोटा ठरवला, ही गोष्ट खुद्द मेडावर यांना सर्वांत जास्त आवडली असती. आपले आणि परके ही सीमा जन्माने कायमची आखलेली नसून शरीर ती शिकते, आणि जे शिकता येते ते पुन्हा शिकवताही येते, हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा सारांश आहे. भंडाऱ्याहून नागपूरला जाणाऱ्या बसमध्ये औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या रुग्णापर्यंत तो धडा अद्याप पूर्णपणे पोहोचलेला नाही. पण वाट दाखवली गेली आहे, आणि त्या वाटेवरून चालणारी माणसे थांबलेली नाहीत.